सुगंध झाडाचा की कारखान्याचा? त्वचेला दोन्ही सारखेच

"डॉक्टर, हे क्रीम तर वनस्पतींपासून केलेले आहे. यात केमिकल नाही. मग याने पुरळ कसे येईल?" भूमसारख्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. झाडापासून आलेला सुगंध सुरक्षित आणि कारखान्यात तयार झालेला घातक, ही समजूत आपल्या मनात खोल रुजली आहे. जाहिरातींनी तिला खतपाणी घातले आहे. डब्यावर हिरवे पान छापले की किंमत वाढते आणि गिऱ्हाईक निश्चिंत होते.

साबण, क्रीम, तेल, पावडर, उटणे अशा त्वचेला लावायच्या पदार्थांतील सुगंधाविषयी आज आपण विचार करू. सुगंध कोठून आला याने त्वचेला फरक पडत नाही. तो कोणत्या द्रव्याचा आहे, किती आहे, कोणाच्या आणि कशा स्थितीतल्या त्वचेवर लावला आहे, याने फरक पडतो. हे एकदा ध्यानात आले की पुष्कळ त्रास आणि पुष्कळ पैसा वाचतो.

रोशा गवताची गोष्ट

वास म्हणजे हवेत उडून नाकापर्यंत पोचणारे द्रव्याचे सूक्ष्म कण, म्हणजेच रेणू. फुलाच्या एका सुगंधात असे शेकडो प्रकारचे रेणू एकत्र असतात. गुलाबाच्या वासातील एका महत्त्वाच्या द्रव्याचे नाव आहे जिरॅनिऑल.

हे द्रव्य फक्त गुलाबात नसते. आपल्या खानदेशात डोंगरउतारावर रोशा नावाचे सुवासिक गवत उगवते. त्याचे तेल काढण्याचा धंदा तेथे एकोणिसाव्या शतकात चांगला चाले. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे हे तेल सांधेदुखीवरचे औषध म्हणून नावाजलेले असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. रोशा तेलाचा मोठा भाग जिरॅनिऑलचा असतो, म्हणून त्याचा वास गुलाबाच्या जवळ जातो. हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तेथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. युरोपातील शौकीन गुलाब समजून आपल्याकडच्या गवताचा वास घेत असत!

आज हेच जिरॅनिऑल कारखान्यातही तयार होते. गुलाबातले, गवतातले आणि कारखान्यातले, तिन्ही रेणू एकच. ज्याच्या त्वचेला जिरॅनिऑलचे वावडे आहे त्याला तिन्हींपैकी कशानेही खाज सुटेल. मीठ समुद्राचे असो की खाणीतले, रक्तदाब वाढवायचा तो वाढवतेच. तसेच हे आहे.

कारखान्यातला सुगंध कसा आला

इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ साली कूमरिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत बनवले. वाळलेल्या गवतासारखा गोड वास असलेले हे द्रव्य निसर्गातही आढळते. जर्मनीत १८७४ साली व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तयार झाले. कृत्रिम कस्तुरी १८८८ मध्ये निघाली. तोवर कस्तुरीसाठी हरणे मारली जात. महाराष्ट्रातही या धंद्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. सुगंधी द्रव्ये बनवणारी एस. एच. केळकर आणि कंपनी मुंबईत १९२२ साली सुरू झाली.

कृत्रिम सुगंधामुळे सामान्य माणसाच्या न्हाणीघरात सुवासिक साबण आला. चंदनाचे खरे तेल इतके महाग आहे की स्वस्त साबणात वा पावडरीत ते फारसे असणे शक्यच नाही. केशराचा इसेन्स घातलेल्या पेढ्यात केशर किती असते, हे खव्या-पेढ्याच्या आपल्या भागात वेगळे सांगायला नको.

पण कारखान्याचे द्रव्य म्हणून ते निर्दोष, असेही नाही. मस्क अँब्रेट नावाची कृत्रिम कस्तुरी दाढीनंतर लावायच्या लोशनांत सर्रास वापरली जात असे. ती लावून उन्हात गेलेल्या लोकांचे चेहरे लाल होऊन खाजू लागले. पुढे युरोपात १९९५ मध्ये तिच्यावर बंदी आली.

युरोपीय संघाने २०१७ मध्ये केलेला एक नियम मला फार बोलका वाटतो. त्या एकाच नियमाने तीन सुगंधी द्रव्ये सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केली. त्यांपैकी एक कारखान्यात जन्मलेले होते. उरलेली दोन ओकच्या झाडावर वाढणाऱ्या एका दगडफुलासारख्या वनस्पतीच्या अर्कात आढळतात. हा अर्क उंची अत्तरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला जात होता. ऑगस्ट २०२१ पासून ही द्रव्ये असलेला माल तेथे विकता येत नाही. (आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल त्याच कुळातले असले तरी वेगळे आहे. ते खाणाऱ्यांनी घाबरू नये.) सांगायचे इतकेच की कायद्यानेही झाड आणि कारखाना असा भेद केला नाही. ज्याने त्वचेला इजा होते ते काढून टाकले.

वावडे जडते कसे?

सुगंधाचा त्रास मुख्यतः दोन प्रकारांनी होतो. पहिला म्हणजे चुरचुर. तीव्र द्रव्य लावले की लगेच आग होते, त्वचा लाल होते. हे कोणालाही होऊ शकते. दुसरा प्रकार म्हणजे वावडे, ज्याला आपण ॲलर्जी म्हणतो.

वावडे एका दिवसात जडत नाही. सुगंधाचे रेणू फार लहान असल्याने ते त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरतात आणि तेथील प्रथिनांना चिकटतात. आपल्या शरीराची पहारेकरी यंत्रणा हा प्रकार टिपून ठेवते. काही जणांच्या बाबतीत ती या द्रव्याला शत्रू ठरवते. एकदा तसे ठरले की पुढे ते द्रव्य लागताच एक-दोन दिवसांनी, कधी तीन दिवसांनीही, पुरळ, खाज, सूज किंवा पाणी सुटणारे इसब सुरू होते. ही आठवण बहुधा जन्मभर टिकते.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. "मी दहा वर्षे हाच साबण वापरतो, त्याने कसे होईल?" असे रुग्ण म्हणतात. वर्षानुवर्षे सोसलेल्या वस्तूचेही वावडे नव्याने जडू शकते. आणि पुरळ आज उठले तर कारण आजच्या नव्हे, परवाच्या वस्तूत असू शकते. लग्नाला जाताना लावलेल्या अत्तराचा त्रास घरी परतल्यावर सुरू होतो आणि खापर मात्र लग्नातल्या वांग्याच्या भाजीवर फुटते.

सर्वांनाच हा त्रास होतो असे नाही. युरोपातील पाहण्यांत सर्वसाधारण लोकांपैकी शंभरात साधारण एक ते तीन जणांना सुगंधी द्रव्यांचे वावडे आढळले आहे. म्हणजे बहुसंख्य लोकांनी सुवासिक साबण वापरायला हरकत नाही. पण ज्यांची त्वचा आधीच फाटलेली आहे त्यांना धोका जास्त. दिवसभर भांडी घासणाऱ्या, दूध-खव्याच्या कामात सतत हात धुणाऱ्या, सिमेंटमध्ये काम करणाऱ्या लोकांच्या हातांना भेगा असतात. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने आणि हिवाळ्यातील कोरड्या हवेने त्यात भर पडते. भेगाळलेली त्वचा म्हणजे दार उघडे टाकलेले घर. अशा हातांना सुवासिक क्रीम चोळणे म्हणजे वावड्याला आमंत्रण देणे होय.

निसर्गाचे धोके

झाडापासून आलेल्या सुगंधाबाबत काही गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट जुन्या बाटलीची. लॅव्हेंडर या फुलातील लिनालूल आणि लिंबू-संत्र्याच्या सालीतील लिमोनीन ही द्रव्ये ताजी असताना बरीच सौम्य असतात. हवा लागून ती जसजशी जुनी होतात तसतशी त्यांच्यापासून वावडे आणणारी नवी द्रव्ये तयार होतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले आहे. उघडे झाकण, खिडकीतले ऊन आणि वर्षभर पुरवून वापरलेली बाटली, हे तिन्ही टाळावे.

दुसरी गोष्ट लिंबाची. चेहरा उजळावा म्हणून लिंबाचा रस किंवा साल चोळण्याची पद्धत आहे. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते, कधी फोड येतात आणि नंतर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. उजळण्यासाठी लावावे आणि काळे पडावे, असा हा प्रकार. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तर हा प्रयोग करूच नये.

तिसरी गोष्ट जपानमधली. १९६० आणि १९७० च्या दशकांत तेथील अनेक स्त्रियांच्या चेहऱ्यावर काळपट-तपकिरी डाग येऊ लागले. तेथील त्वचारोगतज्ज्ञांनी चिकाटीने तपास केला तेव्हा कारण सौंदर्यप्रसाधनांत सापडले. दोषी ठरलेल्या द्रव्यांत एक लाल रंग होता, कारखान्यातली काही सुगंधी द्रव्ये होती, तशीच चमेली, चंदन आणि इलँग-इलँग नावाच्या फुलाची तेलेही होती. मोठ्या कंपन्यांनी १९७७ च्या सुमारास ती वापरणे थांबवले आणि नंतर हा आजार झपाट्याने कमी झाला. जपानी स्त्रियांची त्वचा आपल्यासारखीच डाग धरणारी आहे. म्हणून हा धडा आपल्याला जवळचा. अशा वावड्यात खाज फारशी नसतेही. नुसता काळेपणा वाढत जातो आणि बाई त्याला "वांग" समजून आणखी एक सुवासिक क्रीम आणते. कपाळावर कुंकवाच्या जागी काळपटपणा आला तरी हीच शंका घ्यावी. हळदीपासून केलेले जुने कुंकू वेगळे आणि बाजारातले रंग व सुगंध घातलेले वेगळे.

कापूर आणि तान्हे मूल

हा भाग घरातील आई-आजींनी जरूर वाचावा. सर्दी झाली, अंग खाजले किंवा उवा झाल्या की खोबरेल तेलात कापूर घालून लावण्याची आपल्याकडे रीत आहे. आज देवापुढे जळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाईनपासून कारखान्यात बनतो. काही जण म्हणून मुद्दाम महागाचा नैसर्गिक कापूर आणतात आणि तो बाळाला चालतो असे समजतात. हा समज जिवावर बेतू शकतो. कापूर झाडाचा असो की कारखान्याचा, त्याचा मेंदूवर होणारा परिणाम तोच आहे. तो त्वचेतूनही शरीरात शिरतो आणि बाळाची त्वचा पातळ असल्याने जास्त शिरतो. पोटात गेला तर थोड्याच वेळात मुलाला झटके येऊ शकतात. सुमारे एक ग्रॅम कापरानेही लहान मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत.

म्हणून दोन वर्षांखालील मुलाच्या छातीला, नाकाला, टाळूला कापूर किंवा कापूर असलेले कोणतेही मलम लावू नये. देवघरातील कापराची डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. मुलाने वडी खाल्ल्याचा संशय आला तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता तडक दवाखाना गाठावा आणि डबी बरोबर न्यावी.

लेबल कसे वाचावे

वेष्टनावर घटकांची यादी असते. ती बारीक इंग्रजी अक्षरांत असते. घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावी. त्यात 'परफ्यूम', 'पारफम', 'फ्रॅग्रन्स' किंवा 'अरोमा' यांपैकी एखादा शब्द दिसला तर सुगंध घातलेला आहे असे समजावे. या एका शब्दामागे पाच-पन्नास द्रव्ये दडलेली असू शकतात.

लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रल, युजेनॉल, कूमरिन ही नावे काही वेष्टनांवर स्वतंत्रपणे छापलेली दिसतात. युरोपात २००५ पासून अशी २६ सुगंधी द्रव्ये ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर नावानिशी छापावी लागतात. २०२३ च्या नियमाने ही यादी ऐंशीच्या वर नेली आहे. ती २०२६ ते २०२८ या काळात टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे. वावडे असलेल्या माणसाला त्यामुळे आपला शत्रू ओळखता येतो.

आणखी एक फसवा शब्द म्हणजे 'अनसेंटेड'. याचा अर्थ वास येत नाही इतकाच. मूळ द्रव्याचा उग्र वास झाकण्यासाठी त्यात दुसरे सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. ज्यांना त्रास आहे त्यांनी 'फ्रॅग्रन्स फ्री' असे लिहिलेले पाहावे आणि तरीही घटकांची यादी तपासावी. 'हर्बल', 'नॅचरल', 'शुद्ध' या शब्दांवरून त्वचेला ते मानवेल की नाही, हे काहीच कळत नाही.

काय करावे, काय टाळावे

१) त्रास नसेल तर आवडता साबण बदलण्याची गरज नाही. साबण धुऊन जातो. क्रीम, तेल, अत्तर अंगावर राहते. म्हणून काळजी मुख्यतः अंगावर राहणाऱ्या वस्तूंची घ्यावी.

२) नवे क्रीम किंवा तेल आणले की आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सलग आठ-दहा दिवस लावून पाहावे. खाज किंवा लाली आली तर ते वापरू नये. एकदा लावून काही झाले नाही म्हणजे झाले, असे समजू नये. साबण, शाम्पू मात्र असे लावून ठेवायचे नसतात.

३) अत्तर किंवा सेंट थेट कातडीवर न लावता कपड्यावर लावावे. दाढी केल्यावर लगेच, किंवा उन्हात जाताना, चेहऱ्या-मानेला सुगंधी द्रव्य लावू नये. घरात दम्याचा रुग्ण असेल तर फवारा मारायच्या वस्तू बंद कराव्यात.

४) तान्ह्या बाळाला साधे, बिनवासाचे खोबरेल तेल पुरे. उटणे चोळायचे तर मोठ्यांना, तेही हळुवार. बाळाच्या अंगावर ते खरखरीत लागते.

५) भेगाळलेल्या हातापायांना बिनवासाची पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल आंघोळीनंतर ओलसर त्वचेवर लावावे. दहा नावांची औषधी तेले एकत्र करू नयेत.

६) पुरळ उठल्यास सर्व सुवासिक वस्तू एकदम बंद कराव्यात. एकेक करून बंद केल्यास कारण सापडत नाही. घरातील इतरांचे केसांचे तेल उशीवरून आपल्या गालाला लागते, हेही विसरू नये. दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. डोळ्यांभोवती सूज, अंगभर पुरळ किंवा फोड असतील तर थांबूच नये.

७) औषधाच्या दुकानातून "खाजेची ट्यूब" आणून लावू नये. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. सुरुवातीला छान वाटते आणि ट्यूब सोडली की दुप्पट त्रास होतो. महिनोन्‌महिने लावल्यास चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या व केस येतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो याचसाठी. शिवाय प्रत्येक खाज वावड्याची नसते. नायटा आणि खरूज यांवर उपचार अगदी वेगळे आहेत.

८) त्रास वारंवार होत असेल तर पॅच टेस्ट नावाची तपासणी उपयोगी पडते. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि नंतर दोन वेळा पाहणी करतात. सुया टोचत नाहीत. सोलापूर, लातूर किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागात याबाबत चौकशी करावी. जाताना वापरातल्या सर्व वस्तू वेष्टनासह न्याव्यात. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, पण अशी पिशवी भरून वस्तू आणणाऱ्या रुग्णाचे निदान निम्मे सोपे होते, हे अनुभवाने सांगतो.

सुगंध ही आनंदाची गोष्ट आहे. केसात मोगरा माळावा, दारात रातराणी लावावी, दिवाळीला उटण्याचा वास घरभर दरवळावा. मात्र सुगंधाची खरी जागा नाक आहे. त्वचेला सुगंधाची गरज नसते. तिला स्वच्छता, ओलावा आणि उन्हापासून सावली एवढेच हवे असते. ज्यांच्या त्वचेने एकदा तक्रार केली आहे त्यांनी वेष्टनावरचे हिरवे पान पाहण्याऐवजी मागची यादी वाचावी आणि शक्यतो बिनवासाची, साधी, स्वस्त वस्तू निवडावी.